अम्मींचं हैदराबाद

१९५६ पर्यंत आपला मराठवाडा हैदराबाद राज्यात होता. आमच्या कुरुंद्यातले पुरुष कामानिमित्त तिकडं जात. बायकांना हैदराबाद ठाऊक ते त्यांनी आणलेल्या बांगड्यांवरून. अम्मींनी सत्तरी ओलांडली, तरी शहर पाहिलं नव्हतं. यंदा सुटीत नांदेडहून रेल्वेनं त्यांना नेलंच.

गोवळकोंड्याच्या पायऱ्या त्यांच्या गुडघ्यांना झेपणाऱ्या नव्हत्या. त्या खालीच घुमटाखाली थांबल्या आणि टाळ्या वाजवल्या. मुलं वरून धावत आली, "दादी, ऐकू आलं!"

चारमिनारजवळच्या लाड बाजारात दुकानदारानं बांगडीचं माप विचारलं. आजवर कुणीतरी अंदाजानं आणायचं. अम्मींनी हात पुढं केला आणि भावही स्वतःच केला, आपल्या दखनीत!

बिर्याणी मुलांना तिखट लागली. इराणी चहात बुडवलेल्या उस्मानिया बिस्किटांवर मात्र सगळ्यांचं एकमत. वयस्कर माणसं सोबत असतील तर सालारजंग संग्रहालय चुकवू नका. तिथल्या घड्याळातून दर तासाला छोटा माणूस बाहेर येऊन टोले देतो, समोर बसून निवांत पाहता येतं. बाराचे टोले अम्मींनी मुलांसोबत मोजले. शुक्रवारी मात्र जाऊ नका, तेव्हा ते बंद असतं.