मोड

नदीचें मूळ आणि ऋषीचें कूळ शोधूं नये, असें आपले वडीलधारे सांगत आले आहेत. आमचें गांव वाई. ज्याचें बालपण कृष्णेच्या घाटावर गेलें, त्याला या म्हणीचा पहिला अर्धा भाग पाळणें शक्यच नसतें. कारण कृष्णेचें मूळ वर महाबळेश्वरास आहे, आणि उन्हाळ्यांत आलेल्या पाहुण्यांबरोबर तें आम्हीं कितीदां तरी पाहिलें आहे. राहिला दुसरा अर्धा भाग. परंतु आमच्या घराण्यांत कोणी ऋषी होऊन गेल्याचें ऐकिवांत नाहीं. तेव्हां आमचें कूळ शोधण्यास म्हणीची कांहीं हरकत नव्हती. हरकत होती ती घरांतल्याच मंडळींची.

कुलवृत्तान्त छापण्याची हौस महाराष्ट्रांत जुनी आहे. ज्यांच्या वाड्यांत सनदा आणि इनामपत्रें होतीं, त्यांना तें काम सोपें गेलें. इतिहासाचार्य राजवाडे (१८६३–१९२६) असल्याच दप्तरांसाठीं गांवोगांव हिंडले, आणि १८९८ मध्यें त्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड निघाला. आमच्या घरीं सनद नव्हती. एक मोठा तराजू होता, मोडी लिपींतल्या चार रोजकीर्दी होत्या, आणि माळ्यावर तांब्याची एक घागर होती. माझे थोरले चुलतबंधु, ज्यांना आम्ही सारे दादा म्हणतों, त्यांनीं नोकरींतून मोकळे झाल्यावर वंशावळीचा खर्डा तयार केला व पणजोबांच्या नांवापुढें ‘धातूंचे व्यापारी’ असें लिहिलें. त्यांत खोटें एक अक्षरहि नव्हतें. पण खरेंहि फारसें नव्हतें. पणजोबांचें मोडीचें दुकान होतें.

मोड म्हणजे फुटकीं, चेपलेलीं, भोंकें पडलेलीं जुनीं भांडीं. हल्लीं ज्याला भंगार म्हणतात, त्याचाच हा तांब्यापितळेचा थोरला भाऊ. तांबट नवें भांडें घडवी, कासार तें विकी. दोघांनाहि गांवांत मान होता. मोडवाला मात्र लोकांच्या घरांतलें मोडलेलें तेवढें घेई. त्याची पायरी माणसें दिवेलागणीनंतर चढत, आणि भांडें बहुधा पदराखालीं झांकलेलें असे. दुसऱ्याच्या अडचणीची ज्याला माहिती असते, त्याच्याविषयीं लोकांना फारसें प्रेम वाटत नाहीं. शाळेंत कोणीं धंदा विचारला, तर माझे वडील व काका नुसतें ‘व्यापार’ म्हणत. दादांचा शब्द तेथूनच आला असावा.

मीं दुकान पाहिलें तें आजोबांच्या वेळचें, १९६० नंतरचें. भांडें हातांत आलें कीं आजोबा तें प्रथम बोटाच्या पेरानें वाजवीत. कांसें घंटेसारखें घुमत राही. पितळेचा नाद आखूड. आणि चीर गेलेलें भांडें तर आपली व्यथा आपणच सांगे. मग कानशीनें कड घांसून ते आंतला रंग पाहात. लोखंडी कडी असली तर ती काढून ठेवीत. डाख लावलेला असला तर त्याची वजावट धरीत. दशमान मापें कायद्यानें येऊन स्थिरावलीं होतीं, तरी त्यांच्या तोंडचा ८० तोळ्यांचा शेर सुटला नव्हता. किलोचे शेर ते मनांतल्या मनांत करीत. मात्र रोज सकाळीं पहिल्या गिऱ्हाइकासमोर रिकामा तराजू उचलून त्यांत पासंग नाहीं हें दाखविल्यावांचून ते वजनास हात लावीत नसत. जुन्या काळीं जमलेली मोड बैलगाडीनें वाठार स्टेशनावर आणि तेथून आगगाडीनें पुण्यास जाई. तेथें भट्टींत तिचा रस झाला, कीं कोणाची परात आणि कोणाचा तांब्या हा भेद उरत नसे.

गांवाचे दिवस कसे चालले आहेत, हें मोडीच्या ढिगाकडे पाहून समजे. दुसऱ्या महायुद्धांत तांबें इतकें दुर्मिळ झालें, कीं सरकारनें १९४३ पासून पैशालाच मधोमध भोंक पाडलें. त्या सालीं दुकानांत येणाऱ्या मोडीला चांगला भाव होता, पण ती देतांना बायकांचे डोळे भरून येत, असें आजोबा सांगत. पुढें स्टेनलेस स्टील आलें, आणि चांगलीं धडधाकट पितळी भांडींहि मोडींत येऊं लागलीं; त्यांना कल्हई कोण करीत बसणार! त्यानंतर १९७२ चा दुष्काळ पडला. त्या वर्षीं आलेल्या भांड्यांत पाणी भरण्याचीं भांडींच अधिक होतीं. विहिरी आटल्या होत्या; भरावयाचें काय?

दुकानांत एक फळी निराळी होती. ज्या भांड्यावर नांव कोरलेलें असे, तें आजोबा लगेच ढिगांत टाकीत नसत. दिवाळीपर्यंत तें त्या फळीवर राही. तोंवर मालक आला, तर दिलेल्या किंमतींतच त्याला परत मिळे. वर एक आणाहि घेत नसत. फळीवरचीं पुष्कळ भांडीं शेवटीं भट्टींतच गेलीं, हें खरें. पण कांहीं माघारीं गेलेलीं मीं स्वतः पाहिलीं आहेत. धंद्याच्या दृष्टीनें ही रीत आतबट्ट्याची होती. ती कोणी घातली, असें मीं आजोबांना विचारलें, तेव्हां “आईची आज्ञा” एवढेंच ते म्हणाले.

त्या आज्ञेचा उलगडा पुष्कळ वर्षांनीं माझ्या आत्येनें केला. तेव्हां ती पंचाऐंशी वर्षांची होती. १८९९–१९०० च्या दुष्काळांत माणदेशाकडून एक फेरीवाला पोतेंभर मोड घेऊन वाईस आला. पणजोबांनीं तें ओट्यावर ओतलें, आणि आंतून आलेल्या पणजीला त्यांत एक घागर दिसली. पणजीला अक्षरओळख नव्हती. परंतु लहानपणीं आईजवळ पाणवठ्यावर बसून त्याच घागरीच्या गळ्याजवळील टिंबाटिंबांच्या अक्षरांवरून तिनें कितीदां तरी बोट फिरविलें होतें. तें तिनें पुन्हां एकदां फिरविलें, आणि घागर घेऊन ती कांहीं न बोलतां आंत गेली. माहेरची मंडळी घर सोडून मुंबईच्या गिरण्यांकडे निघून गेलीं होतीं. आपलें माहेर उठलें, ही बातमी तिला अशी कळली.

“मग तिनें पणजोबांना कांहीं सांगितलें का ग?” मीं विचारलें.

“काय सांगायचं, अरे? त्यांनीं विचारलंच नाहीं. दुसऱ्या दिवशीं फळी मात्र ठोकून दिली.”

आत्येची स्मृति चांगली होती. तरी म्हाताऱ्या माणसाच्या आठवणीवर वंशावळ कशी रचावी, असें दादांचें म्हणणें पडलें, आणि तें अगदींच गैर नव्हतें. म्हणून मीं मोडी जाणणाऱ्या एका स्नेह्याकडून रोजकीर्दी वाचून घेतल्या. शके १८२१ च्या फाल्गुनांत, म्हणजे १९०० च्या मार्चमध्यें, एका पोत्याच्या खरेदीखालीं ओळ आहे: घागर तांब्याची एक, वजन पांच शेर, किंमत घरखर्चीं. चारी वह्यांत मोडीचा माल घरखर्चीं लिहिल्याची दुसरी नोंद नाहीं. घागरीवर पणजीच्या आईचें नांव आहे आणि गांवाचें नांव आहे. त्या गांवीं मी जाऊन आलों. त्या घराण्याचें आतां तेथें कोणी नाहीं. पडक्या जोत्यावर बाभळी उगवल्या आहेत.

नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वहींतहि आमच्या घराण्याचें पान निघालें. त्यांत बापाखालीं मुलगा, मुलाखालीं नातू, अशीं पुरुषांचीं नांवें ओळीनें आहेत. स्त्रियांचीं आहेत तीं सासरचीं. आपल्याकडे लग्नांत मुलीचें आडनांवच नव्हे, पुष्कळदां पाळण्यांतलें नांवहि बदलत असे. मग तिच्या आईचें नांव कोण लिहून ठेवणार? वंशावळीला वृक्ष म्हणतात. पण ज्या झाडाचीं अर्धीं मुळें मोजलींच गेलीं नाहींत, त्याला वृक्ष म्हणावें तरी कसें? आमच्या घरीं हें एक नांव टिकलें, तें तांब्यावर कोरलेलें होतें म्हणून. आणि तांबें टिकलें, तें मोडीच्या दुकानांत आलें म्हणून. पणजोबा सनदी असामी असते, तर तें फेरीवाल्याचें पोतें आमच्या ओट्यावर कशाला उतरलें असतें?

हें सारें मीं दादांपुढें मांडलें. त्यांनीं घागरीवरचें नांव वंशावळींत घेण्याचें तात्काळ कबूल केलें. अडलें तें ‘मोडी’पाशीं. “मुलांच्या सोयरिकी व्हायच्या आहेत,” ते म्हणाले. त्यावर आत्या म्हणाली, “त्याच मोडीवर तुझ्या वडिलांची कॉलेजची फी भरली होती. तेव्हां पैशाला कुठं वास आला?” दादा हंसले, पण त्या दिवशीं त्यांनीं खर्डा मिटून ठेवला. दोन महिन्यांनीं वंशावळीची प्रत घरोघर आली. तींत ‘धातूंचे व्यापारी’ हे शब्द नव्हते. ‘वाई येथें मोडीचें दुकान’ असें स्वच्छ लिहिलें होतें, आणि पणजीच्या नांवावर एक रेघ काढून तिच्या आईचें नांव व गांव घातलें होतें.

मोड या शब्दाला मराठींत आणखीहि एक अर्थ आहे. मटकी रात्रभर भिजवून फडक्यांत घट्ट बांधून ठेवली, म्हणजे दुसऱ्या दिवशीं तिला मोड येतात. तो अर्थ घरोघरच्या मुलांना ठाऊक असतो. आमच्या घरच्या मुलांना यापुढें दुसराहि ठाऊक असेल.