‘कासव’चं देणं

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘कासव’ला 2016 सालच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ मिळालं. लातूरच्या ट्यूशन एरियात मी मुलांच्या होस्टेलचा रेक्टर आहे. ही नोकरी कशी करायची, हे मला या चित्रपटानं शिकवलं.

मूळचा मी नांदेडचा. वजिराबादेत भाड्यानं मिळणाऱ्या पुस्तकांवर वाढलो. बाबुराव अर्नाळकरांचा डिटेक्टिव्ह धनंजय म्हणजे माझं दैवत. माग काढायचा, गुन्हेगाराला कोंडीत पकडायचं, त्यानं कबुली दिली की गोष्ट संपली. खऱ्या माणसांकडेही मी तसंच बघायचो. 30 सप्टेंबर 1993 ला, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतरच्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. कॉलेजच्या पथकातून मदतीला गेलो, तर पत्र्याखाली बसलेल्या एका लेकराला वही उघडून विचारत सुटलो: घरातले कोण गेले, तू कसा वाचलास? ते माझ्या पेनाकडे बघत राहिलं. भूकंपग्रस्तांच्या मनावर झालेल्या परिणामांचा अभ्यास मनोविकारतज्ज्ञ डॉ. मोहन आगाशे यांनी केला होता, हे मला फार उशिरा कळलं. माझ्यासाठी आगाशे म्हणजे नट, ‘घाशीराम कोतवाल’ नाटकातले नाना फडणवीस.

होस्टेलवर धनंजय व्हायची संधी आली. मेसच्या दारावर लावलेली टेस्टच्या रँकची यादी कोणीतरी रोज फाडायचं. मग पोरांची मॉड्यूल, म्हणजे क्लासची पुस्तकं, गच्चीवरच्या टाकीत सापडू लागली, फुगून भाकरीएवढी जाड झालेली. मी एक मॉड्यूल मुद्दाम जिन्यात ठेवलं आणि अंधारात दबा धरून बसलो. सापडला. सतरा वर्षांचा, नीटची तयारी करणारा, हुशार पोरगा. मला काय आनंद झाला होता! ‘का केलंस?’ हे त्याला किती वेळा विचारलं असेल. तो बोलेना. दोन दिवसांनी जेवायलाही येईना.

त्याच सुमाराला मित्राच्या लॅपटॉपवर ‘कासव’ पाहिला, तोही आगाशे आहेत म्हणून. जीव द्यायला निघालेला एक तरुण मुलगा आणि त्याला आसरा देणारी जानकी. ती स्वतःच नैराश्यातून गेलेली, म्हणूनच असेल, त्याला खोदून काही विचारत नाही. जेवायला घालते, झोपू देते, त्याची चिडचिड सोसते. आगाशेंचे दत्ताभाऊ तिथं समुद्रकाठी कासवांची अंडी जपतात. घरट्याला कुंपण घालायचं, राखण करायची. पिल्लं बाहेर आली की पाण्यापर्यंत त्यांची ती चालत जातात. पडद्यावर ते बघताना माझी मान खाली गेली. आलोक राजवाडेनं उभा केलेला तो मुलगा मला दुसऱ्या खोलीत उपाशी झोपलेला दिसत होता.

दुसऱ्या दिवसापासून चौकशी बंद केली. मेसच्या मावशींना सांगितलं, याला जरा जवळ बसवा. त्यांनी पुढ्यात मेथीची जुडी टाकली, ‘घे, निवड.’ चित्रपट न बघताच त्यांना हे येत होतं. वडिलांना बोलावून त्याला शहरातल्याच एका मनोविकारतज्ज्ञांकडे नेलं. पहिल्या भेटीत त्यांनी यादीचा विषयच काढला नाही. झोप लागते का, भूक लागते का, घरची आठवण कधी येते, एवढंच. औषध सुरू झालं, भेटी चालू राहिल्या.

बऱ्याच दिवसांनी मेथी निवडता निवडता तो आपणहून म्हणाला, ‘सर, मावशी पण ती यादी वाचायच्या.’ वाढताना त्या कोणाचा नंबर कितवा आला म्हणून कौतुक करायच्या, आणि याचं ताट पुढे आलं की गप्प व्हायच्या. आपल्याला असंच वाटायचं, म्हणाला. मावशींना वाचता येत नाही, हे मी त्याला तेव्हा सांगितलं नाही. त्यालाच ते पुढे कळलं.

सुमित्राताई 2021 साली गेल्या. आमच्या मेसच्या दारावर आता रँकची यादी लागत नाही. पालक येतात, कोरं दार बघून विचारतात, ‘सर, मग आमच्या पोराचं कळायचं कसं?’ मी त्यांना जेवायला बसवतो, पोराच्या शेजारी.