निलंगा : रुंद रस्ते आणि मागे राहिलेला पार

लातूरहून दक्षिणेकडे निघालेला प्रवासी निलंग्यात उतरला की नीलकंठेश्वराचे तीन गर्भगृहांचे प्राचीन पाषाणमंदिर त्याला आवर्जून दाखवले जाते. निजामाच्या काळी हा तालुका बिदर जिल्ह्यात होता. १९५६ साली तो उस्मानाबादला जोडला गेला आणि १९८२ पासून लातूर जिल्ह्यात आला. सीमा बदलल्या, तरी देवळासमोरची मोकळी जागा, बाजार आणि पेढीचा ओटा हीच येथील माणसांची भेटण्याची ठिकाणे राहिली.

अशा जागांचे मोल या परिसराला ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे कळले. निलंग्याच्या पश्चिमेस असलेल्या किल्लारी भागात भूकंप झाला. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि माळवदाचे ओझे झोपलेल्या माणसांवर कोसळले; सुमारे दहा हजार जीव गेले. पुढे जागतिक बँकेच्या साहाय्याने ५२ गावे नव्या जागी वसवण्यात आली. जमीनधारणेनुसार २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची घरे मिळाली. रस्ते रुंद आणि सरळ आखले गेले.

घरे भक्कम झाली. त्याबद्दल कृतज्ञताच हवी. पण क्षेत्रफळाप्रमाणे रांगा पडल्याने अनेक ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्यांचा शेजार तुटला. जुन्या गल्लीत हाकेच्या अंतरावर असलेला माणूस दूरच्या रांगेत गेला. चावडी बांधता येते, मात्र पाराची सावली वाढायला वर्षे लागतात. नकाशात मोकळी सोडलेली जागा आपोआप सार्वजनिक होत नाही. तेथे बसावेसे वाटावे लागते.

त्या संकटात भारतीय जैन संघटनेने सुमारे १,२०० मुलांना शिक्षणासाठी पुण्यास नेले. समाजाचा तो हात अभिमानास्पद आहे. मात्र आज मराठवाड्यातील तालुक्याच्या गावांत जुन्या वाड्यांच्या जागी व्यापारी संकुले उभी राहत आहेत, आणि ती बांधणाऱ्यांत व्यापारी कुटुंबेही आहेत. ओट्याची जागा शटर घेते. माल उतरवून दमलेला हमाल, एस. टी.ची वाट पाहणारी म्हातारी, मोंढ्यात तूर विकून आलेला शेतकरी यांनी आता टेकावे कुठे?

जीवांनी परस्परांना उपकारक व्हावे, हा तत्त्वार्थसूत्राचा बोध इमारतीच्या आराखड्यातही उतरू शकतो. दुकानापुढे चार हात सावली, एक दगडी बाक, उन्हाळ्यात पाणपोई, पाखरांसाठी पाण्याचे भांडे, आणि तोडलेल्या निंबाच्या बदल्यात लावून जगवलेली दोन रोपे. यासाठी सरकारी योजनेची वाट पाहावी लागत नाही. भाड्याच्या हिशेबात तेवढी जागा कमी भरेल. पण आपल्या पूर्वजांनी ओटा बांधताना तो हिशेब केला नव्हता, आणि गावाने त्यांच्या पेढीवर ठेवलेला विश्वास त्या ओट्यावरच वाढला होता.