शेकरू आपल्याच तालुक्यातलं आहे

परवा चाकण चौकात नेहमीसारखे अडकलो होतो. पुढे कंटेनर, मागे कंपनीची बस. पाचवीतली मुलगी पाठांतर करत होती. राज्यप्राणी शेकरू. मधेच म्हणाली, "बाबा, हे राहतं कुठं?" म्हटलं, "आपल्याच खेड तालुक्यात, भीमाशंकरला." तिला वाटलं मी थट्टा करतोय.

खरं सांगतो, चूक तिची नाही. वीस वर्षं या पट्ट्यात बातमीदारी करतोय. भूसंपादन, संप, अपघात, पाणी, सगळं लिहिलं. शेकरूबद्दल वन्यजीव सप्ताहाची प्रेस नोट, तीही जागा उरली तर.

भीमाशंकर अभयारण्य १९८५ साली झालं, तेच मुळी प्रामुख्याने शेकरूसाठी. ही मोठी झुपकेदार शेपटीची खार जमिनीवर सहसा उतरत नाही. एका झाडावरून दुसऱ्या झाडावर वीस फुटांपर्यंत झेप घेते. उंच फांद्यांवर एक नाही, अनेक घरटी बांधते. म्हणजे तिचा रस्ता फांद्यांचा. मधली झाडं गेली की तो रस्ता तुटतो, दोन्हीकडचं जंगल शाबूत असलं तरी. मादागास्करच्या लेमूरचं दुखणंही हेच आहे, जंगलाचे तुकडे पडणं. आपल्याकडे गाडगीळ समितीने २०११ च्या अहवालात भीमाशंकर परिसरातल्या पवनचक्क्यांसाठी झालेल्या जंगलतोडीवर बोट ठेवलं होतं.

कुणी म्हणेल, जागतिक यादीत शेकरू धोक्यात नाही. बरोबर आहे. पण त्याच यादीत संख्या घटत असल्याची नोंदही आहे. आणि दक्षिणेतल्या जंगलात शेकरू आहेत म्हणून भीमाशंकरची फांदी जुळत नाही.

रस्ते नकोत असं मी म्हणत नाही. डोंगरातल्या आदिवासी वाड्यांना दवाखाना गाठायला रस्ता लागतोच. पण रुंदीकरणाआधी एक प्रश्न विचारायला काय हरकत आहे, वरच्या फांद्या जुळलेल्या राहणार का? तमिळनाडूत वालपराईला सिंहपुच्छ माकडांसाठी रस्त्यावरून झुलते पूल बांधलेत. जमतं, मनावर घेतलं तर.

श्रावणात दर्शनाला जाल तेव्हा गाडी हळू चालवा, हॉर्न आवरा, वेफर्स टाकू नका. आणि पुढच्या ग्रामसभेत, आमदारांच्या जनता दरबारात हा प्रश्न विचारा. उत्तर काय मिळालं ते मला कळवा. या वेळी प्रेस नोटची वाट न बघता छापेन.