मागे उभा राहणारा

आघाडीवीराने नऊ संधी दवडल्या आणि दहावी साधली, की लोक त्याला खांद्यावर घेतात. बचावपटूचा हिशेब उलटा. नऊदा त्याने अरिष्ट टाळलं, हे कुणाच्या ध्यानातही राहत नाही. दहाव्यांदा पाय घसरला की जन्मभर तेवढंच सांगितलं जातं. म्हणूनच की काय, मला बचावपटूंविषयी जास्त माया वाटते. त्यातही फ्रान्सचा फुटबॉलपटू लॉराँ ब्लाँ याच्याविषयी. उंच, सडपातळ, घाईशी जन्माचं वैर असावं असा. अंगावर आलेला चेंडू तो आधी शांत करी, मग मान वर करून तो कुणाकडे धाडायचा ते ठरवी. फ्रान्समध्ये त्याला ‘प्रेसिडेंट’ म्हणत, ते उगीच नव्हे.

गंमत म्हणजे हा गडी मुळात पुढचा. 1983 मध्ये माँपेलिएकडून तो खेळू लागला तो आक्रमक मध्यरक्षक म्हणून, आणि त्या क्लबसाठी सर्वाधिक गोल आजही त्याच्याच नावावर आहेत. पुढे त्याला बचावात आणलं गेलं. गोल कसा होतो हे पायांना ठाऊक असलेला माणूस गोल अडवायला उभा राहिला. विहीर खणणाऱ्याला गळती कुठून लागणार हे आधी कळावं, तसं त्याला धोक्याची जागा आधी दिसे.

1998 च्या विश्वचषकात त्याच्या वाट्याला जे आलं, ते एखाद्या कादंबरीकाराने लिहिलं असतं तर आपण त्याला अतिशयोक्ती म्हटलं असतं. 28 जूनला लाँसच्या मैदानावर पॅराग्वेने फ्रान्सला जवळजवळ दोन तास रोखून धरलं होतं. निलंबित झिदान बाहेर बसलेला, समोर गोलात चिलावर्टसारखा पहाड. पेनल्टी शूटआउटला थोडीच मिनिटं उरली असताना पिरेसने चेंडू आत टाकला, त्रेझेगेने तो डोक्याने खाली दिला आणि बचाव सोडून पुढे आलेल्या ब्लाँने तो जाळ्यात मारला. विश्वचषकातला हा पहिला ‘गोल्डन गोल’, म्हणजे जादा वेळेत होताच सामना संपवणारा गोल. पुढच्या फेरीत इटलीविरुद्धच्या शूटआउटमध्ये फ्रान्सची शेवटची किकही त्यानेच साधली. सामन्याआधी गोलरक्षक बार्तेझच्या तुळतुळीत डोक्याचं चुंबन घेण्याची त्याची रीत तोवर देशाचा शुभशकुन झाली होती.

मग उपांत्य सामना आला. क्रोएशियाच्या बिलिचशी झटापट झाली, ब्लाँचा हात त्याला लागला, बिलिच कपाळ धरून कोसळला आणि पंचांनी लाल कार्ड काढलं. दहा जणांनिशी फ्रान्सने आघाडी टिकवली. सहकारी बचावपटू तुरामने त्या दिवशी केलेले दोन गोल हे त्याच्या 142 आंतरराष्ट्रीय सामन्यांतले एकमेव गोल. अंतिम सामन्यात ब्लाँच्या जागी लबफ खेळला आणि फ्रान्सने ब्राझीलला 3-0 असं हरवलं. ज्याने वाट मोकळी केली, तोच दारात अडला. दोन वर्षांनी रॉटरडॅमला युरो चषकाच्या अंतिम सामन्यात तो खेळला, जिंकला, आणि 97 सामन्यांनंतर फ्रान्सचा सदरा उतरवून ठेवला. शंभरी गाठण्यासाठी आणखी तीन सामने रेंगाळणं त्याच्या स्वभावात नव्हतं.

प्रशिक्षक म्हणून 2007 मध्ये तो बोर्दोला गेला. तेव्हा फ्रेंच लीग म्हणजे लिऑनची जहागीर. ओळीने सात विजेतेपदं. 2009 मध्ये बोर्दोने शेवटचे अकरा सामने सलग जिंकले आणि ती मक्तेदारी मोडली. पुढच्या मोसमात चॅम्पियन्स लीगच्या गटात बायर्न आणि युव्हेंटस या दोघांनाही मागे टाकलं.

2010 मध्ये फ्रान्सचा संघ हाती आला तो पार विस्कटलेला. दक्षिण आफ्रिकेतल्या विश्वचषकात खेळाडूंनी सरावावर बहिष्कार टाकला होता. ब्लाँने पहिल्या सामन्यातून त्या तेवीसही जणांना वगळलं. तो सामना हरला, पुढचाही हरला. नंतर मात्र संघ सलग 23 सामने अपराजित राहिला. याच काळाला एक डागही आहे. 2011 मध्ये प्रशिक्षण केंद्रांत दुहेरी नागरिकत्वाच्या मुलांची संख्या मर्यादित ठेवण्याची बंद दाराआडची चर्चा बाहेर फुटली, आणि त्या चर्चेत ब्लाँ होता. चौकशीतून तो सुटला, त्याने माफीही मागितली. पण जाहीर टीका करणाऱ्यांत तुरामही होता. वेगवेगळ्या मुळांच्या मुलांनी मिळवलेल्या विश्वचषकातला तो ब्लाँचा सहकारी. त्याचा शब्द लागणारच.

पॅरिसमध्ये पीएसजी क्लबचा प्रशिक्षक असताना 2013 ते 2016 या तीन वर्षांत तीन लीग विजेतेपदं मिळाली, शेवटचं तर 31 गुणांच्या फरकाने. युरोपात मात्र दरवर्षी उपांत्यपूर्व फेरीतच गाडी थांबली. 2016 मध्ये मँचेस्टर सिटीविरुद्ध त्याने नेहमीची मांडणी मोडून तीन बचावपटू खेळवले, संघ 1-0 ने हरला आणि त्याच उन्हाळ्यात त्याला जावं लागलं. उभं आयुष्य बचावात काढलेल्या माणसाला बचावाच्याच मांडणीने दगा द्यावा!

पॅरिसचे करंडक मोजायला सोपे आहेत, कारण तिथे पैसा होता, इब्राहिमोविचसारखा आघाडीवीर होता. प्रशिक्षक ब्लाँ खरोखर जोखायचा असेल, तर 2009 चं बोर्दो पाहावं. नसलेलं उभं केलं ते तिथेच.