वाजवणाऱ्याचे कान

पिंपळनेरच्या पट्ट्यात बँडवाल्याची किंमत आवाजावर ठरते. सुपारी द्यायला आलेला माणूस चाली विचारत नाही, ‘गाडीवर बॉक्स किती?’ एवढंच विचारतो. मी त्या गाडीवर कॅसिओ वाजवायचो. पाठीशी भोंगे, दोन्ही कडेला बॉक्स, खाली जनरेटर. वैशाखातली लग्नं, श्रावणात कानबाईची मिरवणूक, मागोमाग गणपती. वरात उतरली की कान बधिर व्हायचे, आत चीं असं काहीतरी वाजत राहायचं आणि सकाळपर्यंत विरायचं. नवख्या पोराने तक्रार केली तर आम्ही हसायचो, ‘कान वाजले, आता तू कलाकार झाला!’ हसणाऱ्यांत मी पहिला. एका पोराने कानात कापूस घातला होता, तो मीच काढायला लावला.

ते रात्रीपुरतं वाजणं हाच इशारा होता. कानाच्या आतल्या शंखात आवाज टिपणाऱ्या केसांच्या पेशी असतात, एका कानात साधारण १५ हजार. मोठ्या आवाजाने त्या आधी थकतात, मग मरतात, आणि मेलेली पेशी माणसात पुन्हा उगवत नाही. ८५ डेसिबल आवाज आठ तास सोसावा असा हिशेब धरला, तर १०० डेसिबलला पंधरा मिनिटंच हाती येतात. आमची वरात तीन-चार तास चालायची.

एका लग्नसराईनंतर ती चीं विरलीच नाही.

आई म्हणाली, ‘काय व्हयनं रे तुले?’ आणि लसूण कडकवून तेल कानात सोडलं. नुसतं तेलावर भागलं असतं तर बरं. मळ साचला असेल म्हणून मी आगकाडी घातली. मळाने कान वाजू शकतात, पण काडीने तो निघत नाही, आत ढकलला जातो. माझा तर कान फुटून वाहायला लागला. मग कुणीतरी सांगितलेल्या ‘नसांच्या गोळ्या’ झाल्या. शिवाय गुडघ्यासाठी मी दुखण्याच्या गोळ्या मनानेच घेत होतो. ॲस्पिरिन जास्त मात्रेत गेली तरी कान वाजतात, मलेरियावरच्या क्विनाइनने वाजतात, आणि क्षयावरच्या स्ट्रेप्टोमायसिनने तर ऐकू येणंही कायमचं जाऊ शकतं. मला हे पुष्कळ उशिरा कळलं.

सगळ्यांत मोठी चूक मात्र शांततेच्या मागे लागण्याची. घरात पोरांचा गलका, रस्त्यावर गाड्या, म्हणून मी लाटीपाडा धरणाकडच्या एका शेतात झोपायला गेलो. पंखा नाही, टीव्ही नाही, माणूस नाही. तिथे तो आवाज दुप्पट झाला. रात्रभर जागा राहायचो आणि पहाटे घरी येऊन बायकोवर खेकसायचो. १९५३ साली अमेरिकेत ऐकू नीट येणाऱ्या ८० जणांना आवाजबंद खोलीत बसवून विचारलं, तेव्हा बहुतेकांना काही ना काही वाजत असल्याचं जाणवलं होतं. कानाकडून येणारा आवाज कमी पडला की मेंदू आतला व्हॉल्यूम चढवतो आणि स्वतःचीच कुजबुज ऐकू लागतो. मी त्याला तसा मोकळा वेळच देत होतो.

बँडमध्ये मात्र गप्प राहिलो. सूर चुकायला लागले तरी वायरला दोष द्यायचो. संगीतकार बीथोव्हेनने १८०१ साली डॉक्टर मित्राला पत्रात कळवलं होतं की कान रात्रंदिवस वाजतात, आणि बहिरेपण सांगवत नाही म्हणून तो माणसांत जाणं टाळतो. एवढ्या मोठ्या माणसालाही तेच भय होतं, हे वाचून जरा धीर आला. त्याचा काळ वेगळा होता, मला डॉक्टरकडे नेणारी धुळ्याची एसटी होती. तरी मी लवकर गेलो नाही, ही लाजच.

शेवटी धुळ्याला जाऊन कान तपासून घेतले. तपासणीच्या कागदावर ऐकण्याची रेघ ४००० हर्ट्‌झपाशी खड्ड्यात गेलेली होती. आवाजाने खराब झालेल्या कानाची ती ठरलेली खूण. हा नाद पुसून टाकणारी गोळी नाही, हे डॉक्टरांनी सरळ सांगितलं. ऐकू कमी येतं तिथे श्रवणयंत्र लावल्याने माझा नाद बराच मागे सरकला. रात्री पंखा चालू ठेवतो, नाहीतर हळू आवाजात रेडिओ. चिडलो, जागलो की नाद वाढतो, एवढं आता ओळखतो. बाकी तो आहेच. हे लिहितानाही आहे.

बँडच्या पोरांनो, औषधाच्या दुकानात फोमचे बोळे मिळतात, ते घालूनच गाडीवर चढा. आणि नाद एकाच कानात असेल, नाडीच्या ठेक्यावर वाजत असेल, किंवा एका रात्रीत ऐकू येणं गेलं असेल, तर तेल तापवत बसू नका, त्याच दिवशी कानाचा डॉक्टर गाठा. अचानक गेलेल्या ऐकण्यावरचं औषध पहिल्या काही दिवसांतच नीट लागू पडतं.