अडीच पैशांची खुर्ची

माणसाने घर बदलू नये. बदललेच तर फर्निचर बदलू नये. आणि फर्निचरही बदलायचे ठरलेच, तर त्या बाबतीत स्वतःचे मत बाळगू नये. हे तिन्ही नियम मी ओळीने मोडले.

डोंबिवलीतल्या चाळीच्या दोन खोल्या सोडून आम्ही डोंबिवलीतच मोठ्या जागेत गेलो. बँकेतल्या माणसाला घरासाठी कर्ज सवलतीच्या दराने मिळते. म्हणजे बुडायचे ते चारचौघांसारखेच, फक्त जरा स्वस्तात.

नव्या हॉलमध्ये काय ठेवावे यावरून घरात तीन पक्ष पडले. सौ.चा पक्ष 'नवे'. कॉलेजात जाणाऱ्या कन्येचा पक्ष 'व्हिंटेज'. मी 'अँटिक'वाला, कारण आमच्या साहेबांच्या घरी एकदा पितळी पट्ट्यांची जुनी पेटी पाहिली होती आणि ती पाहून साहेबांविषयीचा माझा आदर काही मिनिटे वाढला होता. घरातले चौथे सभासद म्हणजे अण्णा, माझे वडील, वय वर्षे ७९. त्यांना कोणी विचारले नाही. विचारले असते तर ते "तुम्हाला आवडेल ते घ्या" म्हणाले असते, आणि आम्ही ते खरे मानले असते.

"व्हिंटेज आणि अँटिक यांत फरक काय गं?" मी कन्येला विचारले.

"शंभर वर्षांच्या पुढचं ते अँटिक, बाबा. त्याच्या अलीकडचं, पण आता तसं बनत नाही, ते व्हिंटेज."

मी सत्तेचाळीस वर्षांचा. सहज विचारले, "म्हणजे मी?"

"तू व्हिंटेज."

"आणि दुरुस्ती परवडणार नाही," स्वयंपाकघरातून भर पडली.

शंभराची अट सरकारलाही मान्य आहे. १९७२ च्या पुरावशेषांच्या कायद्याप्रमाणे वस्तू पुरावशेष ठरायला किमान १०० वर्षे जुनी लागते. महत्त्वाच्या हस्तलिखितांना मात्र ७५ चालतात. आमच्या शाखेत पडून असलेल्या काही अर्जांच्या दृष्टीने ही सवलत मला फार दिलासा देणारी वाटली.

घर आवरताना आजोबांच्या खुर्चीचा प्रश्न आला. सागवानी, हातांची, बसायला वेत विणलेला. आजोबांनी ती १९५५ साली चाळीस रुपयांना घेतली होती. वेत फाटलेला. मी बी.कॉम. असल्याने प्रश्न भावनेने न सोडवता हिशेबाने सोडवला. इन्कमटॅक्सच्या नियमाने फर्निचरवर दरसाल दहा टक्के घसारा धरतात, तोही उरलेल्या किमतीवर. त्यामुळे किंमत कधी शून्य होत नाही, नुसती झिजत जाते. सत्तर वर्षांनी चाळीस रुपयांचे उरतात अडीच पैसे! पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी तर ३० जून २०११ पासून चलनातूनच बाद झाली. म्हणजे ही खुर्ची कोणी विकत घ्यायची म्हटली तरी पैसे देणार कसे? चाळीच्या जिन्याखाली ती "नंतर बघू" या खात्यात जमा झाली. अण्णा तेव्हा शेजारीच उभे होते. "बरोबर आहे," म्हणाले.

मग दुसरा शनिवार गाठून मी अँटिकच्या शोधात निघालो. चोर बाजारात मटन स्ट्रीटवर ग्रामोफोनचे कर्णे, जहाजांवरचे दिवे आणि जुन्या सिनेमांची पोस्टरे पाहिली. एका टेबलाची किंमत विचारली आणि उत्तर ऐकून टेबलाला नमस्कार केला. तिथून गेलो जोगेश्वरीला, ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारात. दुकानदार वयस्कर आणि मोकळा होता.

"कितने साल पुराना चाहिए?"

"शंभर तरी."

"सौ साल का चाहिए तो बुधवार को आना."

मला वाटले, माल बाहेरगावाहून येणार असेल. तो मला मागच्या बाजूला घेऊन गेला. तिथे एक पोरगा कोऱ्या करकरीत कपाटाला सायकलच्या साखळीने बडवत होता. दुसरा त्याला चहाचे पाणी फासत होता. तिसरा ड्रिलने किड्यांची भोके पाडत होता. सोमवार, मंगळवार आणि अर्धा बुधवार, झाली शंभर वर्षे! मात्र दुकानदार हे सगळे लपवून विकत नव्हता. "नकल बोलके देता हूँ," म्हणाला, आणि मला फुकट शिकवणीही दिली. खरा किडा वाकडातिकडा जातो, ड्रिल सरळ जाते. जुन्या टेबलाचा खण बाहेर ओढून मागून बघावा. तिथे पॉलिश नसते, पटाशीच्या खुणा असतात, आणि हाताने कापलेले सांधे एकासारखा एक कधीच नसतात. आणि झीज सगळीकडे सारखी दिसली तर समजावे की ती साखळीची. माणूस ठरलेल्या जागीच हात ठेवतो. शेवटी त्याने कोपऱ्यातल्या एका जुन्या खुर्चीच्या हातावरून बोट फिरवले. टोकाशी लाकूड आरशासारखे झाले होते.

"ये हाथ का पॉलिश है, साहब. ये हमको नहीं आता."

घरी आलो तोवर सौ.चा पक्ष बहुमतात आला होता. नवा सोफा आणि खोक्यातून सुटे आलेले टेबल. टेबल म्हणे 'इंजिनियर्ड वुड'चे. म्हणजे लाकडाचा भुसा डिंकासारख्या रसायनात कालवून दाबलेला. हल्ली लाकडालाही इंजिनियर झाल्याशिवाय किंमत नाही. षटकोनी किल्लीने मी ते रात्री अकरापर्यंत जोडले, आणि एक स्क्रू शिल्लक राहिला. बँकेत एक रुपया जास्त निघाला तरी आम्ही तो सापडेपर्यंत घरी जात नाही. इथे घरीच होतो, म्हणून झोपलो.

सोफा मात्र देखणा होता. जमिनीपासून चौदा इंच. बसले की आणखी चार इंच खाली. अण्णा पहिल्या संध्याकाळी बसले. "छान आहे. मऊ आहे," म्हणाले. त्या दिवशी त्यांनी न आवडणारी मालिका शेवटपर्यंत पाहिली. पुढे ते हॉलमध्ये येईनासे झाले. चहा पलंगावर, पेपर पलंगावर. पाहुणे आले की दारात उभे राहून दोन शब्द बोलायचे.

"अण्णा, बाहेर बसा ना."

"इथं वारा चांगला येतो."

खोलीची खिडकी बंद होती. समोरच्याची सही खरी की खोटी हे वीस वर्षे ओळखणाऱ्या माणसाने तीन आठवडे हे उत्तर पास केले.

एका पहाटे सहाला पाणी प्यायला उठलो. अण्णा अंधारात सोफ्यावर बसलेले. पेपर शेजारी घडी घालून ठेवलेला.

"कधीपासून बसलाय?"

"झाला असेल तासभर."

"मग दिवा तरी लावायचा."

"उठता येईना. तू उठायची वाट बघत होतो."

हाक का मारली नाही, हे मी विचारले नाही. काखेत हात घालून त्यांना उठवले. ते म्हणाले, "सोफा छान आहे हो. माझेच गुडघे जुने."

त्या दिवशी अर्धी रजा टाकून मी चाळ गाठली. खुर्ची जिन्याखालीच होती. तिच्या भोकात एक मांजर संसार मांडून बसले होते. उंची मोजली, अठरा इंच. धूळ पुसली, आणि दोन्ही हातांची टोके जिन्यातल्या उजेडात चमकली. ओशिवऱ्याला जे पाहायला मी दोन लोकल बदलून गेलो होतो, ते माझ्याच मालकीचे होते.

वेत विणायला एक अंध कारागीर भेटले. ही विद्या अंधांच्या संस्थांतून पूर्वीपासून शिकवतात, आणि कचेऱ्यांतल्या कितीतरी खुर्च्या त्यांनीच विणलेल्या असतात. काम सुरू करण्याआधी त्यांनी खुर्चीवरून सावकाश हात फिरवला आणि विचारले, "बसणाऱ्यांचा उजवा गुडघा दुखतो का? डावा हात जास्त झिजलाय."

विणायचे अठराशे रुपये झाले. अडीच पैशांच्या मालमत्तेवर अठराशेची दुरुस्ती हा खर्च कुठल्या खाती टाकायचा, हे मला बी.कॉम.ला कोणी शिकवले नव्हते.

आता खुर्ची हॉलमध्ये, खिडकीपाशी आहे. अण्णा तिच्यात बसतात, टोकांवर तळवे टेकतात आणि कोणाचीही वाट न बघता उठतात. तिन्ही पक्ष विजयी झाले आहेत. कन्या तिला 'व्हिंटेज' म्हणून मैत्रिणींना दाखवते. वेत नवा असल्याने सौ. तिला 'नवी' समजते. आणि २०५५ साली ती कायद्याच्या वयात बसेल, तेव्हा माझे अँटिकही घरात येईल.

तोवर हाताचे पॉलिश चालू ठेवले पाहिजे. म्हणून अण्णा झोपायला गेले की मी थोडा वेळ तिच्यात बसतो. बसतो ते मुद्दाम. उठताना हातांवर जोर द्यावा लागतो, तो मात्र मुद्दाम नाही.